नकाशाला लांबी विचारा, क्षेत्रफळ मुलांना काढू द्या

गुगल अर्थवर शेताचे चार कोपरे टिपले की क्षेत्रफळ आयतं समोर येतं. मुलं हरखतात, पण गणित तिथेच संपतं. मी बुलढाणा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला शिकवते, आणि माझ्या वर्गात एक नियम पक्का आहे: नकाशाला फक्त लांबी विचारायची. क्षेत्रफळ, कोन, परिघाचं गुणोत्तर हे सगळं वहीत काढायचं. नकाशाचा आयता आकडा शेवटी, पडताळ्यापुरता.

सुरुवात शाळेच्या आवारापासून करा. फाटकापासून कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत किती मीटर, याचा अंदाज प्रत्येकाने आधी लिहायचा. मग पावलांनी मोजायचं, मग टेपने. मोबाइल यानंतर हातात द्यायचा, पाच जणांत एक पुरतो. गुगल मॅप्समध्ये उपग्रहाचं दृश्य निवडून फाटकावर बोट दाबून धरलं की पिन पडते. खालची माहिती वर सरकवली की 'मेजर डिस्टन्स' दिसतं. मग नकाशा सरकवून मधलं वर्तुळ कोपऱ्यावर आणायचं. इमारत मोजताना छपराची कड धरू नका. चित्र तिरकं टिपलेलं असेल तर छप्पर बाजूला सरकलेलं दिसतं, म्हणून भिंतीचा पायथा धरा.

टेप आणि नकाशा यांत थोडा फरक येतोच. त्यावर घाई करू नका, एक अख्खा तास द्या. बोट १ मीटरने चुकलं तर १० मीटरच्या खोलीत १० टक्के चूक होते, १०० मीटरच्या कुंपणात १ टक्का. शेकडेवारी इतकी मनापासून करताना मी मुलांना एरवी क्वचितच पाहते.

पुढचा धडा शेताचा. आमच्याकडे काटकोनी शेत सापडणं कठीण, आणि तेच आपल्या कामाचं आहे. चार बाजू मोजायच्या, शिवाय एक कर्ण. कर्णाशिवाय चौकोन पक्का होत नाही. चार काड्या टोकांना बांधून मुलांना तो हलवून दाखवा, लगेच पटतं. समजा कर्णाच्या एका बाजूला ६२ आणि ७८ मीटर, दुसऱ्या बाजूला ७० आणि ५८ मीटर, आणि मधला कर्ण ९६ मीटर. दोन त्रिकोण झाले. हेरॉनच्या सूत्राने (त्यात तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ निघतं) पहिल्याची अर्धपरिमिती ११८ आणि क्षेत्रफळ सुमारे २४११ चौरस मीटर. दुसऱ्याची अर्धपरिमिती ११२ आणि क्षेत्रफळ बरोबर २०१६. बेरीज ४४२७ चौरस मीटर, म्हणजे ४४ आर २७ चौरस मीटर.

आता एकक बदलायचं. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, घरी आजोबा गुंठ्यात बोलतात. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, १०८९ चौरस फूट, सुमारे १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे १०० चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ आहेत की मुलं ते एकच समजतात. आपलं शेत गुंठ्यात सुमारे ४३.७६ भरतं, म्हणजे अर्ध्या गुंठ्याचा फरक पडला. ४० गुंठ्यांचा एकर, तेव्हा हे शेत एकरापेक्षा थोडं मोठं, हे मुलं तोंडी सांगू शकतात.

इथे एक गोष्ट वर्गात ठासून सांगा. ही मोजणी अभ्यासाची आहे. बांधाचा निवाडा भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीनेच होतो. बांधावरून भाऊबंदकी झालेली घरं प्रत्येक गावात आहेत, त्यामुळे वर्गातला आकडा घेऊन कोणी शेजाऱ्याच्या दारात जाऊ नये. मी तर मुलांना स्वतःचं शेत देतच नाही, पाझर तलाव किंवा गावठाणाची जागा देते.

वर्तुळासाठी आमच्या जिल्ह्यात लोणार आहे. बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेलं हे विवर, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. चार वेगवेगळ्या दिशांनी व्यास मोजून सरासरी काढा. निसर्गातलं वर्तुळ कितपत गोल असतं ते कळतं. मग संगणकावर गुगल अर्थ प्रो उघडा, 'रूलर'मधलं 'सर्कल' घेऊन काठाला बसेल असं ९०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि त्यावर ९००-९०० मीटरवर बिंदू घ्या. बरोबर सहा बसतात. परिमिती ५४०० मीटर, भागिले व्यास १८०० बरोबर ३. प्रत्येक दोन बिंदूंच्या मध्ये कंसावर आणखी एक बिंदू घेतला की बारा बाजू होतात आणि गुणोत्तर ३.१०६ च्या आसपास येतं. चोवीस बाजूंना ३.१३. पुढे काय होईल, हे आता मुलांना विचारा. २२/७ पाठ असलेल्या मुलांनाही π (पाय) कुठून येतो ते इथे पहिल्यांदा दिसतं.

पायथागोरसही तिथेच शिकवता येतो. काठापासून पाण्यापर्यंत 'रूलर'ने काढलेल्या रेषेची लांबी ही सपाटीवरची असते, चढउतार त्यात धरलेला नसतो. कर्सर काठावर आणि मग पाण्याच्या कडेला नेला की खालच्या पट्टीत दोन्हींची उंची दिसते. उंचीतला फरक आणि सपाट अंतर या दोन बाजू घेऊन उताराचा कर्ण काढायला लावा. कर्ण आणि सपाट अंतर यांत फारसा फरक आला नाही, तर रेषेचे तुकडे करून सर्वांत तीव्र उतार कोणत्या तुकड्यात आहे ते गटागटाने शोधू द्या.