रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्या पेशंटचा दात काढताना

इंटर्नशिपला नवीन लागलेल्यांसाठी लिहितेय. "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" विचारलं की आजी-आजोबा "बीपीची आहे" एवढंच सांगतात, तिथे थांबू नका, पिशवीतली स्ट्रिप काढायला लावा. एक काका "कोलेस्टेरॉलची कॅप्सूल" म्हणत होते आणि स्ट्रिपवर इकोस्प्रिन गोल्ड, म्हणजे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी दोन्ही औषधं त्यातच. ॲंजिओप्लास्टी झालीय हे नंतर खोदून विचारल्यावर कळलं.

आता "पाच दिवस गोळी बंद करून या" असं स्वतःच्या मनाने अजिबात सांगू नका. दाताच्या खड्ड्यातलं रक्त आपल्याला दिसतं, दाबता येतं, टाका घालता येतो, पण ॲंजिओप्लास्टीत बसवलेल्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेततं आणि तिथे आपण काहीच करू शकत नाही. साध्या एक्स्ट्रॅक्शनला ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल बंद करायची गरज नसते. स्टेंट नवीन असेल, दोन्ही चालू असतील तर आधी कार्डिओलॉजिस्टशी बोला, आणि थांबण्यासारखं काम असेल तर सरळ पुढे ढकला.

ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवाल्याचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी, आकडा जास्त तितकं रक्त पातळ) २४ तासांच्या आतला हवा, नेहमी स्थिर असेल तर ७२ तासांपर्यंतचा चालतो. ४ च्या खाली असेल तर गोळी चालू ठेवून करता येतं, बरेच जण ३.५ लाच थांबतात आणि मलाही तेच बरं वाटतं. यातल्या बऱ्याच जणांना कृत्रिम व्हॉल्व्ह असतो, त्यांना व्हॉल्व्हला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम तासभर आधी द्यायचं राहू देऊ नका, ॲलर्जी विचारूनच. ॲपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सॅबॅन या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांना आयएनआर बघून काही कळत नाही, तिथे शेवटचा डोस कधी घेतला ते विचारा.

अपॉइंटमेंट सकाळची आणि शक्यतो सोमवार-मंगळवारची द्या, म्हणजे रक्त परत सुरू झालं तरी दुसऱ्या दिवशी ओपीडी उघडी असते. एका वेळी एक-दोनच दात, हाड कमीत कमी दुखवायचं, मग सॉकेटमध्ये जिलेटिन स्पंज, वर टाका, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडमध्ये भिजवलेला गॉज आणि अर्धा तास घट्ट चावून बसवायचं. पेशंटला लगेच घरी सोडू नका, गॉज काढून स्वतः बघा.

प्रिस्क्रिप्शन लिहितानाही जपा. हात सवयीने कॉम्बिफ्लॅमकडे जातो, त्यात आयबुप्रोफेन आहे, त्याने रक्तस्राव वाढू शकतो, इथे नुसती पॅरासिटामॉल लिहा. वॉर्फरिन, ॲसिट्रॉमवर मेट्रोनिडॅझोल दिलं की आयएनआर चढतो, तोंडातल्या बुरशीसाठीचं मायकोनॅझोल जेलसुद्धा तसंच. आणि रात्री कुणाला फोन करायचा तो नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, शक्यतो सोबत आलेल्या मुला-सुनेच्या हातात.