अबोल नायकाचं बालपण फ्लॅशबॅकमध्ये दाखवताय? या चुका टाळा

गेमच्या कथेत एखादा घुमा, मनातलं चेहऱ्यावर न दिसू देणारा नायक आला की दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत कुणीतरी विचारतंच, "पण हा असा का आहे?" मग ठरलेलं उत्तर येतं. लहानपणी काहीतरी झालं असणार. गाव जळालं असेल, बाप गेला असेल, भाऊ हरवला असेल. लगेच फ्लॅशबॅक लिहायला घेतला जातो: पडद्यावर पिवळट रंग, पाऊस, दारात उभं एक पोर.

मीही तेच केलं होतं. एका छोट्या गेमसाठी मी कथा लिहीत होते. नायक कोळीवाड्यातला तांडेल, दिवसभरात चार वाक्यं बोलणारा. त्याच्या बापाची होडी वादळात परत आली नाही, हे सांगायला मी चार मिनिटांचा कटसीन, म्हणजे खेळ थांबवून फक्त बघायचा प्रसंग, लिहिला. लिहिताना मला रडू आलं होतं. प्लेटेस्टच्या, म्हणजे लोकांना अर्धवट गेम खेळायला देऊन बघण्याच्या, दिवशी मी एका मुलाच्या मागे खुर्ची टाकून बसले. वादळ सुरू झालं, पडदा पिवळा झाला, आणि त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवून खिशातून मोबाइल काढला. बाप बुडाला तेव्हा तो कुणाला तरी मेसेज टाइप करत होता. दोष त्याचा नव्हता. माझ्या कथेने त्याला सांगितलं होतं की आता तुझं काही काम नाही.

त्यानंतर मी या एकाच प्रश्नासाठी बरेच गेम पुन्हा खेळले. अबोल नायकाचं बालपण दाखवावं, या बाजूचीच मी आहे. पण ते त्याच्या गप्प राहण्याचं कारण म्हणून दाखवलं की घात होतो. नायक बोलत नाही तेव्हा ती जागा खेळणारा स्वतःच्या मनाने भरतो. तासन्‌तास खेळून त्याने भरलेली ती जागा आपण एका कटसीनने रिकामी करतो आणि तिथे आपलं उत्तर ठेवतो.

खेळणाऱ्याच्या हातांना विसरणं

या चुकीचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण म्हणजे २०१०चा 'मेट्रॉइड: अदर एम'. त्याची नायिका सॅमस अरान १९८६पासून खेळणाऱ्यांच्या ओळखीची. चिलखत घालून परक्या ग्रहांवर एकटी फिरणारी, क्वचितच बोलणारी. तिच्या लहानपणी रिडली नावाच्या राक्षसाने तिची वस्ती उद्ध्वस्त केली, तिचे आईवडील गेले. 'अदर एम'मध्ये हा रिडली समोर येतो आणि सॅमस जागच्या जागी थिजते. पडद्यावर क्षणभर तिच्या जागी एक घाबरलेली लहान मुलगी दिसते.

कागदावर हे चुकीचं नाही. लहानपणीची भीती मोठेपणी अशी अचानक वर येते, हे कुणीही मान्य करील. पण ही गोष्ट घडते 'सुपर मेट्रॉइड'नंतरच्या काळात. तोवर खेळणाऱ्यांनी रिडलीला कितीदा तरी हरवलेलं होतं आणि तेव्हा सॅमसचा हात थरथरला नव्हता, कारण तो हात खेळणाऱ्याचाच होता. चाहते भडकले ते यामुळे. त्यांना बालपण नको होतं असं नाही. त्यांच्या अंगठ्यांना आठवत असलेली सॅमस आणि पडद्यावरची सॅमस या दोन वेगळ्या बायका निघाल्या.

इलाज सोपा आहे, फक्त कुणी करत नाही. फ्लॅशबॅक लिहिण्याआधी एक कागद घ्या आणि नायकाने आजवर जे जे केलं, म्हणजे खेळणाऱ्याने हाताने जे जे केलं, ते सगळं लिहून काढा. बालपणातून येणारी भीती किंवा दुखणं त्या यादीत कुठेच दिसत नसेल, तर एक तर ते दुखणं बदला, नाहीतर त्याचा माग आधीच्या खेळात पेरा. पहिल्याच भेटीत सॅमसची बंदूक जराशी हलली असती, तर पुढचं थिजणं पटलं असतं.

आता त्याच्या उलट. २००९च्या 'बॅटमॅन: अर्खम असायलम'मध्ये स्केअरक्रो या खलनायकाच्या विषारी वायूने बॅटमॅनला भास होतात. त्यातला एक भास मी आजही गेम-लेखन शिकणाऱ्या मुलांना दाखवते. तुम्ही वेड्यांच्या इस्पितळाच्या एका लांब बोळातून चालत असता. चालताचालता आवाज येऊ लागतात, छताखालीच पाऊस सुरू होतो, भिंती हळूहळू गल्लीच्या होतात. बॅटमॅनच्या अंगावरचा डगला जातो, उंची जाते आणि एका क्षणी लक्षात येतं की आपण एका लहान मुलाला चालवतोय आणि समोर त्याच्या आईवडिलांची प्रेतं आहेत. पुढे चालण्याखेरीज काहीही करता येत नाही. इतका वेळ गुंडांना लोळवणारी सगळी बटणं मुकी होतात. ब्रूस वेनचं, म्हणजे बॅटमॅनचं, बालपण जगाला तोंडपाठ आहे, त्यात नवं सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तरी ते लागतं, कारण ती असहायता थेट आपल्या हातात येते.

कंट्रोलर काढून घेणं

माझी स्वतःची चूक हीच होती. आठवण आली की खेळणाऱ्याला प्रेक्षक करून टाकायचं.

'सेकिरो'ने (२०१९) हे दोन वेगळ्या मापांनी सोडवलं आहे. त्याचा नायक, 'लांडगा' म्हणून ओळखला जाणारा शिनोबी (जपानी गुप्त योद्धा), अगदी मोजकं बोलतो. त्याचं बालपण सुरुवातीला काही क्षणांत उरकलं आहे: रणांगणावर प्रेतांमध्ये उभं एक अनाथ पोर, समोर धिप्पाड शिनोबी 'घुबड', तो तलवारीचं टोक पोराच्या चेहऱ्याशी नेतो, पोरगं पळत नाही. बस्स. मला तर यापुढे त्याच्या लहानपणाबद्दल एकही वाक्य नको होतं. पुढची मोठी आठवण हिराता वाड्याची, तीन वर्षांपूर्वीची. तिथे मात्र पूर्ण मोकळीक आहे. बुद्धमूर्तीपुढे घंटी अर्पण करून तुम्ही स्वतः त्या रात्रीत शिरता, वाटेल तेव्हा परत येता, तिथे सापडलेली हत्यारं वर्तमानात वापरता. भूतकाळ ही एक जागा आहे आणि तिथे जाण्याचं कारण तुमच्याजवळ आहे.

'घोस्ट ऑफ त्सुशिमा'मध्ये (२०२०) छोटा जिन साकाई मामांकडून लाकडी तलवारीने लढायला शिकतो. तीच खेळणाऱ्याचीही तालीम. खेळणारा बचाव शिकतो तो एका पोराच्या हातांनी आणि मामांच्या धाकाखाली. पुढे जिन मामांच्या शिकवणीविरुद्ध जाऊन पाठीमागून वार करतो, तेव्हा ते काहीतरी मोडल्यासारखं वाटतं. कारण तो नियम आपल्या बोटांनी गिरवलेला असतो.

पण आठवण खेळायला दिली म्हणजे झालं, असंही नाही. 'मॅक्स पेन'च्या (२००१) दुःस्वप्नांमध्ये अंधारात तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येतं आणि रक्ताच्या बारीक रेषेवरून तोल सावरत चालावं लागतं. पाऊल चुकलं की खाली, आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यांदा अंगावर काटा येतो. पाचव्यांदा पडल्यावर ते रडणं नकोसं होतं. आठवणीत खेळणाऱ्याला हरवू नका. हरायचं असेल तर ते कथेने ठरवलेलं, एकदाच.

सगळं सांगून टाकणं

इथे मी सगळ्यांत हट्टी आहे. बालपण दाखवण्याचा उत्तम मार्ग बऱ्याचदा फ्लॅशबॅक नसतोच.

'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८) हा अफाट लांबीचा गेम. आर्थर मॉर्गनच्या लहानपणाचा एकही प्रसंग त्यात दाखवलेला नाही. छावणीत त्याच्या बिछान्याजवळ आईबापाचे फोटो आहेत. डोक्यावरची हॅट बापाची. बापाविषयी तो बोलतो तेव्हा प्रेमाने बोलत नाही, आणि तरी हॅट त्याचीच घालतो. मारामारीत ती पडली की मी दर वेळी वाकून उचलत असे. एकदा ती चिखलात राहिली म्हणून घोडा मागे वळवला. 'मुलाला बापाबद्दल काय वाटतं' यावर गेममध्ये भाषण नाही, पण ते वाटणं मी हाताने केलं.

'द विचर ३'मध्ये (२०१५) गेराल्टचं बालपण कळतं ते दुसऱ्याच कुणाच्या यातनांतून. केअर मोर्हेनच्या पडक्या गढीत उमा नावाच्या शापित जिवावर तीच जीवघेणी प्रक्रिया केली जाते, जिच्यातून विचर, म्हणजे राक्षसांचे शिकारी, होणारी पोरं जात. ते टेबल, ते पट्टे, ती किंचाळी. गेराल्ट बाजूला उभा असतो. तो फार बोलत नाही, आणि बोलायची गरजही नसते. लेखकाने फ्लॅशबॅक वाचवला आणि बदल्यात वर्तमानातला एक जिवंत प्रसंग मिळवला.

आणि 'हेलो'. मास्टर चीफला सहाव्या वर्षी घरातून उचलून नेलं आणि सैनिक म्हणून घडवलं, ही गोष्ट पहिल्या गेमच्या जोडीनेच, २००१ साली, कादंबरीत आली होती. तो पहिला गेम या वाटेला गेला नाही. ज्याला हवं त्याने वाचावं, बाकीच्यांसाठी तो हेल्मेटमागचा माणूस. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. बालपण लेखकाला पक्कं माहीत असायला हवं. ते गेममध्ये यायलाच हवं असं नाही.

२०१८चा 'गॉड ऑफ वॉर' तर एकाच न तुटणाऱ्या शॉटमध्ये रचलेला. कॅमेराच तुटत नाही म्हटल्यावर जुन्या काळात उडी मारणार कशी? क्रेटॉसच्या दोन्ही हातांना पट्ट्या गुंडाळलेल्या असतात, आपण कित्येक तास त्या बघत असतो. मग मुलगा आजारी पडतो, क्रेटॉस घरी येतो, जमिनीखालून जुनी हत्यारं काढतो, आणि तेव्हा कळतं की पट्ट्यांखाली साखळ्यांचे व्रण होते. (त्याचं खरं बालपण, भाऊ डीमॉसला पळवून नेल्याची गोष्ट, २०१०च्या 'घोस्ट ऑफ स्पार्टा'मध्ये आहे.)

प्रश्न पडण्याआधीच उत्तर देणं

पहिल्या दहा मिनिटांत बालपण दाखवलं तर ते कुणाचं आहे याचंच कुणाला सोयरसुतक नसतं. 'फायनल फँटसी ७' (१९९७) यावर बेतलेला धडाच आहे. क्लाउड काल्म नावाच्या गावातल्या सरायीत पाच वर्षांपूर्वीची हकिगत ऐकवतो. ऐकणारी टिफा गप्प बसते, तिच्या गप्प बसण्यात काहीतरी खटकतं. खूप पुढे कळतं की ती आठवण जशी सांगितली तशी घडलीच नव्हती. मग दोघं मिळून क्लाउडच्या लहानपणापर्यंत जाऊन ती दुरुस्त करतात. तोवर आपल्याला उत्तर हवंहवंसं झालेलं असतं.

प्लेटेस्टमध्ये काय बघायचं

लोक स्किप दाबत असतील तर लांबी कमी करून फारसा उपयोग होत नाही. आधी हे बघा की त्या जागी खेळणारा कशाच्या मध्यात होता. पाठलाग चालू असताना किंवा मोठ्या लढाईच्या तोंडावर आलेली आठवण कितीही सुंदर असली तरी अडथळाच वाटते. "हा मुलगा कोण?" असं कुणी विचारलं तर चेहऱ्यावर मेहनत घेऊ नका. मोठ्या नायकाची एखादी लकब, उभं राहण्याची ढब किंवा डावखुरेपणा पोराला द्या. आणि "मला आधीचा नायक जास्त आवडायचा" असं कुणी म्हटलं, तर फ्लॅशबॅक अख्खा काढून एकदा खेळून बघा. निम्म्या वेळा काही बिघडत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांकडे आणखी एक सोय आहे, ती वापरा. पोर नानाला "ए नाना, मला पण ने की" म्हणतं. मोठा झाल्यावर तोच माणूस "नाना, तुम्ही घरी जा" म्हणतो. 'तू'चा 'तुम्ही' कधी आणि का झाला, एवढ्या एका फरकात कितीतरी वर्षं मावतात. पुण्यात तयार झालेल्या 'राजी' या गेमने (२०२०) जुन्या कथा सावल्यांच्या बाहुल्यांच्या ढंगात सांगितल्या. हाताशी पैसा कमी असला तरी भूतकाळाला स्वतःचं रूप देता येतं, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

माझ्या तांडेलाचं पुढे असं झालं. चार मिनिटांचा कटसीन गेला. त्याऐवजी तो दर वेळी धक्क्याला होडी लावताना खुंट्याला दोराच्या तीन गाठी मारू लागला. बाकीचे खलाशी दोनच मारतात. कुणी काही विचारत नाही, तोही काही सांगत नाही. खेळणारा फक्त बटण दाबतो, तीनदा. कित्येकांना तिसऱ्या गाठीचा कंटाळा आला आणि त्यांनी तसं लिहूनही दिलं. मी ती काढली नाही. खूप पुढे, पावसाच्या एका रात्री, चाळीस सेकंदांसाठी हात लहान होतात. तोच धक्का, तोच दोर, पण ओला आणि पोराच्या मानाने फार जाड. बटण दाबून धरायचं असतं. कितीही घट्ट धरलं तरी दोर सरकत जातो. दुसऱ्या गाठीपर्यंतच पोहोचता येतं. मग पुन्हा मोठे हात, पुन्हा खुंटा.

दुसऱ्या प्लेटेस्टला एक मुलगी बसली होती. आठवण संपली, पडद्यावर पुन्हा तांडेल आला, खलाशी चला म्हणून हाका मारत होते. तिने दोन गाठी मारल्या, थांबली, आणि मान न वळवता मला विचारलं, "तिसरी मारायला वेळ आहे ना?"