जी४१ बोर्डात रॅम वाढवायचीय? आधी चिप मोजा

कोअर टू ड्युओ किंवा पेंटियम ड्युअल कोअरचं जुनं मशीन अजून चालू असेल, तर त्यात बहुधा इंटेलच्या जी४१ चिपसेटचा (प्रोसेसर, रॅम आणि बाकीचे भाग जोडणारी मुख्य चिप) मदरबोर्ड निघतो. २ जीबीवर ते अक्षरशः कण्हत असतं. ८ जीबी टाकली की टॅली, टायपिंग, ब्राउझरचे चार-पाच टॅब एवढ्या कामाला आणखी काही वर्षं सहज जातं. काम अर्ध्या तासाचं आहे. पण "डीडीआर३, ४ जीबीच्या दोन द्या" एवढंच सांगून रॅम आणली की काय होतं, ते एकदा भोगून झालंय. म्हणून ही यादी.

पहिलं काम म्हणजे बोर्ड कोणता ते पक्कं करणं. मशीन चालू असेल तर सीपीयू-झेड (मशीनमध्ये काय बसलंय ते दाखवणारा प्रोग्राम) उघडा. 'मेनबोर्ड'मध्ये चिपसेट दिसतो, 'मेमरी'मध्ये प्रकार आणि 'एसपीडी'मध्ये कोणत्या स्लॉटात काय बसलंय ते. बंद असेल तर कॅबिनेटचं झाकण काढून स्लॉटांच्या आसपास छापलेला मॉडेल नंबर वाचा. जी३१ निघाला तर तो डीडीआर२ वाला, त्याची मर्यादा ४ जीबी. त्यावर फार खर्च करू नका. जी४१ मात्र दोन्ही प्रकारांत येतो. काही बोर्डांवर दोन स्लॉट डीडीआर२ चे आणि दोन डीडीआर३ चे असतात, आणि एका वेळी एकच जोडी चालते. चार स्लॉट दिसले म्हणून चार स्टिक (रॅमच्या पट्ट्या) आणू नका. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना पिना २४०च, पण खाच वेगळ्या जागी आणि व्होल्टेजही वेगळं, १.८ आणि १.५. जोर लावून बसवायचा प्रकार नाही.

पुढे जे लिहिलंय ते डीडीआर३ वाल्या जी४१ साठी. कमाल ८ जीबी, म्हणजे ४ च्या दोन. ८ जीबीची एकच स्टिक यात चालत नाही, कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ च्या पुढचं सगळं फुकट, आणि त्या ४ मधलेही सव्वातीनच्या आसपासच वापरता येतात. ६४ बिट टाकायची नसेल तर २ च्या दोन घ्या आणि गप्प बसा.

आता मुख्य गोष्ट. स्टिकवरच्या काळ्या चिप मोजा.

४ जीबीची स्टिक दोन तऱ्हेने बनते. एकीत २ गिगाबिटच्या (म्हणजे २५६ एमबीच्या) १६ चिप, दोन्ही बाजूंना आठ-आठ. दुसरीत ४ गिगाबिटच्या (५१२ एमबीच्या) फक्त ८ चिप, सगळ्या एकाच बाजूला, मागची बाजू कोरी. क्षमता तीच, खाच तीच, स्टिकरवर '४ जीबी डीडीआर३' हेही तेच. जी४१ ला पहिलीच चालते. कारण या ७७५ सॉकेटच्या मशीनमध्ये मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) प्रोसेसरमध्ये नसतो, तो चिपसेटमध्ये असतो. जी४१ चा कंट्रोलर २ गिगाबिटपर्यंतच्या चिपांपुरताच बनवलाय. ४ गिगाबिटच्या चिपला पत्त्याची एक ओळ जास्त लागते आणि ती या चिपसेटकडे नाही. त्यामुळे ८ चिपवाली स्टिक लावली की पंखे फिरतात, स्क्रीन काळी राहते. कधी बीप वाजतो, कधी निम्मी रॅम दिसते, कधी विंडोज सुरू होता होता अडकते. आणि माणूस तासभर स्लॉट पुसत बसतो, बोर्ड गेला म्हणतो. बोर्डाला काहीही झालेलं नसतं.

हिशोब सोपा आहे. स्टिकची क्षमता भागिले चिपांची संख्या. एका चिपच्या वाट्याला २५६ एमबी किंवा कमी आलं तर पुढे बघा, ५१२ आलं तर परत ठेवा. म्हणजे ४ जीबीला १६ चिप, २ जीबीला ८ किंवा १६. चार चिपवाली २ जीबीही नको. (एच६१ सारखे पुढच्या पिढीचे बोर्ड ५१२ एमबीची चिप घेतात. म्हणून तीच स्टिक मित्राच्या मशीनमध्ये मस्त चालते आणि आपल्यात नाही.)

१६ चिप मोजल्या म्हणजेही झालं नाही. बाजारात 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्त ४ जीबी मिळतात. त्यातही चिप १६च असतात, पण त्या 'बाय ४' रचनेच्या, म्हणजे एक चिप एका वेळी ४ बिट देते. इंटेलच्या या चिपसेटला 'बाय ८' लागते. स्टिकरवर '२आरएक्स८' लिहिलेलं शोधा: दोन रँक (चिपांचे दोन गट), बाय ८. '१आरएक्स८' असेल तर ती ८ चिपवाली. 'एक्स४' दिसलं तर हातही लावू नका. स्टिकरवर रँक छापलेलीच नसेल, आणि स्वस्त मालावर ती बहुधा नसतेच, तर चिपवरचा नंबर वाचा. सॅमसंगची 'के४बी२जी०८' ने सुरू होणारी चिप म्हणजे २ गिगाबिट, बाय ८: हवी ती. 'के४बी२जी०४' म्हणजे बाय ४, नको. 'के४बी४जी' म्हणजे ४ गिगाबिट, नको. हायनिक्सची 'एच५टीक्यू२जी८' हवी, 'एच५टीक्यू४जी' नको. अक्षरं फार बारीक असतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने तिरपा उजेड पाडून फोटो काढा आणि मोठा करून वाचा.

पत्र्याचं रंगीत कवच असलेली स्टिक या बोर्डासाठी घेऊच नका. आतल्या चिप मोजता येत नाहीत, आणि या वेगाला त्या कवचाचा काडीचा उपयोग नाही.

ऑनलाइन मागवणार असाल तर दोन्ही बाजूंचे फोटो मागा. एकाच बाजूचा फोटो टाकणाऱ्याकडून घेऊ नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा गावातल्या दुकानात जाणार असाल तर "जी४१ साठी, १६ चिपवाली, बाय ८" असं सांगा आणि हातात घेऊन उलटसुलट बघा. "डीडीआर३ सगळ्या सारख्याच" असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. पैसे देण्याआधी चिप मोजा, नंतर नाही. बिलावर बदलून देण्याची मुदत लिहून घ्या.

वेगासाठी जादा पैसे मोजू नका. १०६६, १३३३, १६०० यातली कुठलीही चालेल, बोर्ड ती आपल्या वेगालाच आणतो. ८०० एफएसबीचा (प्रोसेसर आणि चिपसेटमधल्या वाटेचा वेग) प्रोसेसर असेल, उदाहरणार्थ ई५७००, तर रॅमही ८०० वरच धावते. १.३५ व्होल्टची डीडीआर३एल १.५ वरही चालते, फक्त ती नंतरच्या काळातली असल्याने ८ चिपवाली निघण्याची शक्यता जास्त. तेव्हा तिथेही मोजा. ९ किंवा १८ चिप भरल्या तर ती सर्व्हरची ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) रॅम, सोडून द्या. लॅपटॉपची आखूड असते, ती ओळखू येतेच. शक्यतो दोन्ही स्टिक एकाच जातीच्या घ्या.

बसवायच्या दिवशी लागतं काय, तर स्टार स्क्रूड्रायव्हर, रंगाचा कोरडा ब्रश, पांढरा खोडरबर, हवी असल्यास नवी सीआर२०३२ बॅटरी. मशीन बंद करून एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) वायर मागून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग पॉवरचं बटण आठ-दहा सेकंद दाबून धरा. बोर्डावरचा दिवा विझला पाहिजे. कॅबिनेट आडवं ठेवा आणि त्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच रॅमला हात लावा. थंडीच्या कोरड्या दिवसांत हे विसरू नका.

स्लॉटातली धूळ ब्रशने काढा. जुनी रॅम परत वापरणार असाल तर तिचे सोनेरी संपर्क खोडरबरने हलके पुसा, कॅबिनेटपासून लांब, म्हणजे चुरा आत पडणार नाही. पॉलिश पेपर लावू नका, सोन्याचा थर निघून जातो आणि पुढच्याच पावसाळ्यात खालचा भाग काळा पडतो.

दोन्ही कड्या बाहेर उघडा, खाच जुळवा, स्टिक सरळ उभी धरा आणि दोन्ही टोकांना अंगठ्यांनी सारखा दाब द्या. कड्या आपोआप उठून 'टक्' करून बसल्या पाहिजेत. त्या बोटाने ओढून लावू नका, कारण तेव्हा स्टिक एका टोकाला अर्धीच बसलेली असते आणि तशीच वीज दिली तर संपर्क जळतात. खाली वाकून बघा: सोनेरी रेघ दोन्ही टोकांना सारखीच दिसली पाहिजे. ग्राफिक्स कार्ड आडवं येत असेल तर आधी ते काढा.

पहिल्यांदा एकच स्टिक लावून चालू करा, बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) ४०९६ च्या जवळपास आकडा दिसला की बंद करून दुसरी लावा. काहीच दिसलं नाही तर परत बसवा, स्लॉट बदला, वायर काढून बोर्डावरचा सेल (ती सीआर२०३२ बॅटरी) पाच मिनिटं बाहेर ठेवा. तरीही नाही? चिप मोजा. घाईत मोजायच्या राहिल्याच असतील तर आत्ता मोजा.

विंडोज उघडण्याआधी रात्रभर मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवा. एक जरी लाल ओळ आली तरी ती स्टिक परत. सकाळी विंडोजमध्ये आकडा बघा. ऑनबोर्ड ग्राफिक्स थोडी रॅम खातो, तेवढी कमी दिसणारच. फारच कमी असेल तर बायोसमध्ये 'मेमरी रीमॅप' चालू करा आणि विंडोजमधल्या एमएसकॉन्फिगच्या बूट पर्यायांतली 'मॅक्झिमम मेमरी'ची खूण काढा. तारीख-वेळ लावा, झाकण बसवा. जुन्या स्टिक बदलायची मुदत संपेपर्यंत टाकू नका.