सोर्स कोडपासून लिनक्स : मार्गदर्शिका सांभाळण्याचा अनुभव

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांत ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी २०१८ पासून मी एक मराठी मार्गदर्शिका सांभाळत आहे. कंपायलरपासून (सोर्स कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारे साधन) कर्नलपर्यंतचे (प्रणालीचा गाभा) प्रत्येक सॉफ्टवेअर सोर्स कोडमधून स्वतः कंपाइल करून बूट होणारी लिनक्स प्रणाली कशी उभारावी, हे तिच्यात पायरीपायरीने सांगितले आहे. तिचा पाया 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हे इंग्रजी पुस्तक आहे. जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या या पुस्तकाची नवी आवृत्ती सध्या दरवर्षी मार्च आणि सप्टेंबर महिन्यांत निघते, आणि ती निघाली की माझ्याही कामाचा हंगाम सुरू होतो. या कामात येऊ इच्छिणारी मुले मला नेहमी विचारतात, की मार्गदर्शिका एकदा लिहून झाल्यावर तिच्यात सांभाळायचे काय उरते? त्याचे उत्तर मी पुढे सविस्तर देत आहे, कारण सुरुवातीला मलाही ते ठाऊक नव्हते.

माझी पहिली समजूत अशी होती, की नवी आवृत्ती आली म्हणजे पॅकेजांचे, म्हणजे त्यात लागणाऱ्या एकेका सॉफ्टवेअरचे, आवृत्ती-क्रमांक बदलायचे, डाउनलोड केलेली फाइल पडताळण्याचे चेकसम बदलायचे आणि काम संपले. पॅकेजे ऐंशीच्या आसपास असतात, त्यामुळे हे दोन संध्याकाळींचे काम वाटते. ही समजूत किती अपुरी आहे, हे जीसीसी १५ ने चांगलेच दाखवून दिले. एप्रिल २०२५ मध्ये आलेला हा कंपायलर सी भाषेचे सी२३ हे नवे मानक आपणहून गृहीत धरतो. जुन्या सी भाषेत फंक्शनच्या नावापुढचा कंस रिकामा ठेवला, तर त्याचा अर्थ 'किती आणि कोणती मूल्ये येतील हे सांगितलेले नाही' असा होत असे. सी२३ मध्ये त्याच रिकाम्या कंसाचा अर्थ 'एकही मूल्य येणार नाही' असा आहे.

आता जीएमपी हे मोठ्या संख्यांचे गणित करणारे पॅकेज पाहा. त्याची कॉन्फिगर स्क्रिप्ट, म्हणजे बांधणीआधी संगणकाची तपासणी करणारी फाइल, कंपायलर नीट चालतो की नाही, हे तपासण्यासाठी छोटे छोटे प्रोग्रॅम कंपाइल करून पाहते, आणि त्यांतल्या एका प्रोग्रॅममध्ये रिकाम्या कंसाचे एक फंक्शन मूल्ये देऊन बोलावलेले आहे. जीसीसी १५ ते नाकारतो आणि स्क्रिप्ट थांबून 'कुड नॉट फाइंड अ वर्किंग कंपायलर' असा संदेश देते. हा संदेश वाचणाऱ्या विद्यार्थ्याला वाटते, की आपण मागच्या प्रकरणात बांधलेला कंपायलरच बिघडलेला आहे, आणि तो तीन-चार दिवसांचे काम पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. प्रत्यक्षात कंपायलर उत्तम असतो आणि सेड या फाइलमधील मजकूर बदलणाऱ्या साधनाच्या एका ओळीने त्या रिकाम्या कंसात तीन टिंबे घातली की अडचण दूर होते. पुस्तकात ही सेडची ओळ आलेली आहे, परंतु मी मार्गदर्शिकेत तिच्याखाली ती का लागते हे पूर्ण परिच्छेदभर लिहिले, कारण त्यामागचे कारण कळलेला विद्यार्थी पुढच्या पॅकेजमध्ये तशीच चूक दिसली, तर स्वतःच कॉन्फिग लॉग, म्हणजे त्या तपासणीची नोंद, उघडून पाहतो. क्रमांक बदलणे ही कारकुनी आहे. बदललेल्या क्रमांकामुळे कोणता संदेश कोणत्या पायरीवर समोर येईल, हे आधी स्वतः अनुभवून लिहून ठेवणे, हे खरे सांभाळणे आहे, असे माझे मत आहे.

माझ्या हातून झालेली एक गंभीर चूकही येथे सांगितली पाहिजे. नवी प्रणाली डिस्कच्या ज्या विभाजनावर (पार्टिशनवर) उभारायची, त्याचा पत्ता एलएफएस नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेला असतो. तात्पुरती साधने बांधून झाल्यावर त्यांच्या फाइलींची मालकी रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याकडे देण्याची एक आज्ञा येते. ही आज्ञा रूट म्हणून चालवायची असते, आणि रूट म्हणून नव्याने लॉगिन केले, की आधी ठरवलेले व्हेरिएबल तेथे रिकामे असू शकते. रिकाम्या व्हेरिएबलमुळे आज्ञेतला पत्ता नव्या विभाजनाऐवजी चालू संगणकाच्या मुळाशी जातो. व्हेरिएबल तपासून घ्या, ही सूचना मी प्रकरणाच्या सुरुवातीला, म्हणजे आज्ञेच्या दोन पाने आधी, दिलेली होती. एका विद्यार्थिनीने रात्री काम थांबवून सकाळी नेमक्या आज्ञेपासून सुरुवात केली, आणि तिच्या लॅपटॉपवरील सगळ्या प्रोग्रॅमांची मालकी नव्याने लिहिली गेली. मालकी बदलताना लिनक्स कर्नल सेटयूआयडी बिट, म्हणजे प्रोग्रॅमला मालकाच्या अधिकाराने चालू देणारी खूण, काढून टाकतो, त्यामुळे रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवून देणारे सुडो चालेनासे झाले, आणि सुडोशिवाय ते दुरुस्त करण्याचा मार्ग तिला माहीत नव्हता. तिच्या प्रकल्पाच्या सादरीकरणाला तेव्हा आठवडा उरला होता. तो संगणक आम्ही पेन ड्राइव्हवरून बूट करून दुरुस्त केला, परंतु दोष तिचा नव्हता, माझ्या पानाच्या रचनेचा होता. तेव्हापासून धोक्याची सूचना मी आज्ञेच्या लगेच वरच्या ओळीत देतो, आणि शिवाय अशा आज्ञांमध्ये व्हेरिएबल महिरपी कंसात घेऊन नावापुढे अपूर्णविराम व प्रश्नचिन्ह लावतो. तसे केल्यास व्हेरिएबल रिकामे असताना बॅश, म्हणजे आज्ञा चालवणारा शेल, ती आज्ञा चालवतच नाही.

आपल्या भागाच्या परिस्थितीने या मार्गदर्शिकेला काही पाने दिली आहेत. कंपाइल होण्याचा वेळ मूळ पुस्तकात मिनिटांत दिलेला नसतो. बिनयुटिल्स (असेंब्लर, लिंकर वगैरे साधनांचे पॅकेज) पहिल्यांदा बांधायला तुमच्या संगणकाला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याला एक एकक मानून बाकीच्या पॅकेजांचा अंदाज दिलेला असतो. ही पद्धत उत्तम आहे, परंतु मे महिन्यात भुसावळचे तापमान ४५ अंशांच्या घरात असताना जुना लॅपटॉप तापून आपला वेग आपणच कमी करतो, आणि सकाळी सहा वाजता मोजलेले एकक दुपारी दोन वाजता खोटे ठरते. म्हणून आमच्याकडे जीसीसीसारखे मोठे पॅकेज रात्री लावावे, असा सल्ला मी स्पष्टपणे लिहिला आहे. ज्यांच्याकडे चारच जीबी रॅम आहे, त्यांनी कंपाइल करताना एकाच वेळी आठ कामे चालवू नयेत, असेही लिहिले आहे, कारण मेमरी संपली की कर्नल कंपायलरलाच मारून टाकतो आणि पडद्यावर फक्त 'किल्ड' एवढाच शब्द उरतो.

वीज जाण्याचे पान तर एका फोनमुळे लिहिले गेले. शिंदखेडा तालुक्यातील एक मुलगा सीएचरूटमध्ये, म्हणजे नव्या प्रणालीलाच मूळ मानणाऱ्या वातावरणात, ग्लिबसी हे सी भाषेचे मूलभूत लायब्ररी-पॅकेज कंपाइल करत असताना भारनियमनात वीज गेली आणि बॅटरीही संपली. दुसऱ्या दिवशी त्याने तीच आज्ञा पुन्हा चालवली आणि मला फोन करून म्हणाला, "भाऊ, मी आठेच अडकनू," म्हणजे मी इथेच अडकलो. अर्धवट राहिलेली सोर्सची डिरेक्टरी पूर्ण काढून टाकून टारबॉल, म्हणजे सोर्सची गठ्ठा-फाइल, नव्याने उलगडावा लागतो, आणि संगणक बंद होऊन सुरू झाल्यावर सीएचरूटमध्ये शिरण्याआधी डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन या आभासी फाइल सिस्टिम पुन्हा माउंट कराव्या, म्हणजे जोडाव्या, लागतात. या दोन्ही गोष्टी मार्गदर्शिकेत होत्या, पण वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेल्या होत्या. मी त्या एकत्र करून 'वीज गेल्यानंतर' या शीर्षकाचे एक पान केले. आज सर्वांत जास्त उघडले जाणारे पान तेच असावे, असे मला मुलांच्या बोलण्यावरून वाटते.

भाषेबद्दल नव्या मंडळींचा नेहमी आग्रह असतो, की सगळे शब्द मराठी करावेत. मी तसे करत नाही. कंपाइल, माउंट, पॅच, टारबॉल हे शब्द आपले विद्यार्थी रोज वापरतात आणि चुकीच्या संदेशात त्यांना तेच दिसतात. त्यांची भाषांतरे दिली, तर मार्गदर्शिका आणि पडदा यांची भाषा वेगळी पडते. मराठी लागते ती कारणे समजावण्यासाठी, आणि तेथे मात्र एकही वाक्य इंग्रजीतून उचललेले नसावे, याची मी काळजी घेतो. मूळ पुस्तकाच्या मजकुराचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, अव्यापारी वापराचा आणि त्याच अटींवर पुढे वाटण्याचा आहे, तर त्यातील आज्ञांना एमआयटी परवाना आहे. त्यामुळे आपल्या मार्गदर्शिकेच्या छापील प्रती विकता येणार नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

काढून टाकण्याचे धैर्य हाही या कामाचा भाग आहे. १ सप्टेंबर २०२० रोजी पुस्तकाची दहावी आवृत्ती आली, तेव्हा तात्पुरती साधने बांधण्याची सगळी पद्धत क्रॉस-कंपायलेशनवर, म्हणजे एका प्रणालीवर दुसऱ्या प्रणालीसाठी कंपाइल करण्यावर, आधारून नव्याने रचली गेली. माझी तीन प्रकरणे एका दिवसात कालबाह्य झाली. त्यांना डागडुजी करत बसण्यात मी जवळपास महिना घालवला, आणि शेवटी ती पूर्ण पुसूनच नवी लिहिली.

या कामात येणाऱ्याने पहिले दोन महिने काहीही लिहू नये. आधी एकदा पूर्ण प्रणाली स्वतःच्या हाताने उभारावी आणि जेथे थांबावे लागले, ती प्रत्येक जागा वहीत तारखेसह टिपावी. मूळ प्रकल्पाकडे पुस्तकातील आज्ञा थेट उपसून आपोआप चालवणारे साधन आहे, आणि आम्हीही प्रत्येक फेरीत आधी तसेच करतो, म्हणजे टंकलेखनाच्या चुका तेथेच सापडतात. पण आपोआप चालणारे साधन सूचना वाचत नाही, त्यामुळे सूचना चुकीच्या जागी असेल, तर ते कळत नाही. त्यासाठी प्रत्येक फेरीत आम्ही एक असा विद्यार्थी शोधतो, ज्याने हे काम कधीच केलेले नाही, आणि त्याच्याशेजारी न बोलता बसतो. यंदाच्या फेरीत माझ्या जागी तो शिंदखेड्याचा मुलगा बसणार आहे.