विद्यापीठाच्या मेन बिल्डिंगसमोरचा जुना फॅमिली फोटो सापडला तर साल कसं काढायचं

जुन्या ट्रंकेत फोटो सापडला, मागे उंच टॉवरवाली दगडी बिल्डिंग, म्हणजे आपल्या पुणे विद्यापीठाचीच, तर लगेच "पणजोबांची गव्हर्नरकडे ऊठबस होती" असं फॅमिली ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका, आधी एकच विचारा, ही मंडळी आत शिरली कशी?

कारण 1864 ला बांधायला घेतलेली आणि 1871 ला पूर्ण झालेली ही बिल्डिंग म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळ्यातला बंगला, गणेशखिंडीचं गव्हर्नमेंट हाऊस. 22 जून 1897 च्या रात्री राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटपून रँड इथूनच निघाला होता आणि चापेकरांनी त्याला रस्त्यात गाठलं. अशा जागी सहकुटुंब फिरायला जाऊन फोटो काढणं शक्यच नव्हतं, एकतर नोकरी पाहिजे नाहीतर आमंत्रण. 1949 ला विद्यापीठ सुरू झालं आणि मग विद्यार्थी, प्राध्यापक, पदवीदानाला आलेले आईवडील, सगळ्यांनाच वाट मोकळी झाली. त्यामुळे बायकापोरांसकट निवांत उभं असलेलं कुटुंब दिसलं तर माझा पहिला अंदाज 1949 नंतरचाच. पण कुणाच्या छातीवर किंवा कमरेच्या पट्ट्यावर पितळी बिल्ला दिसला तर झूम करून नीट बघा, ते साहेबाचे पट्टेवाले असू शकतात, आणि खरं सांगू का, ती स्टोरी गव्हर्नरच्या ओळखीपेक्षा जास्त भारी आहे.

आता फोटो उलटा करा. साधारण 11 बाय 16.5 सेंटिमीटरच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर ते कॅबिनेट कार्ड, एकोणिसाव्या शतकाची अखेर किंवा विसाव्याची सुरुवात. छोटा चौकोनी 6 बाय 6 चा असेल तर 120 नंबरची रोल फिल्म, आपल्याकडे साठच्या दशकात ती फिल्म घालायचा आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा बऱ्याच घरांत होता. पण कागद नवा आणि फोटो जुना असंही होतं, स्टुडिओवाले जुन्या फोटोचाच फोटो काढून द्यायचे, मग आत मूळ फोटोची कड, सुरकुती, टाचणीचं भोक असं काहीतरी दिसतं.

साडीवरून साल काढायचं तर आजीची नऊवारी बघू नका, ती जन्मभर तीच नेसली असेल, सगळ्यात तरुण बाईचं पोलकं-ब्लाऊज बघा.

फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय? ओढू नका हो, वरचा थर काचेवरच राहील! काचेसकट स्कॅन करा. स्कॅनरवर बारकाई 600 डीपीआय ठेवा, जपून ठेवायला टिफ फाईल, जेपेग फक्त व्हॉट्सॲपला. सेलोटेप नको, चिकट पानांचा अल्बम तर अजिबात नको.

मग स्कॅन मोठा करून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवा. "हे कोण?" विचारलं की "आठवत नाही बाबा" येतं, "ही टोपी कोण घालायचं?" विचारा, फोन रेकॉर्डिंगला ठेवून. नावं मिळाली की मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, बॉलपेन नाही, आणि सालापुढे "अंदाजे" लिहायला विसरू नका.