शाळेतल्या बँडची जुनी कॅसेट संगणकावर घेताना

वर्गमित्रांचा बँड जिच्यावर टेप झाला ती कॅसेट बहुधा एकच असते, म्हणून आधी तिच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे दात मोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मग काही पुसलं जात नाही. टेपखालची स्पंजची गादी बघा. ती गळून पडली असेल तर आवाज दबका येतो आणि कमीजास्त होतो. दुसऱ्या कॅसेटमधली काढून बसवा.

डेकचं, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्राचं, हेड (टेप ज्यावर घासत जाते तो धातूचा भाग) ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरी रोलरला ते शक्यतो लावू नका. कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवली की चिकटलेले वेढे सुटतात. सी-१२०ची, म्हणजे १२० मिनिटांच्या कॅसेटची, टेप फार पातळ, ती गुंतते; तिथे घाई नको.

डेकमधून येणारी वायर संगणकाच्या लाइन-इनमध्येच (बाहेरच्या यंत्राचा आवाज घेणाऱ्या भोकात) घाला. माइकच्या भोकात घातली की ड्रमचा आवाज फाटतो, आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. सर्वात मोठा आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर -६ डेसिबलपर्यंत ठेवा, फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह (WAV) प्रकारची. झांजा बोथट वाटल्या तर हेडशेजारचा स्क्रू अगदी किंचित फिरवून पाहा.

खरखर काढायची ती फाइलच्या प्रतीवर, मूळ फाइलवर नाही. गाण्यांमधली बडबड मात्र कापू नका; मित्र आधी तीच ऐकतात.