पॉलिहाऊसमधील पानकाढणी: हिवाळ्यात कधी, किती आणि कोणती पाने

दिवाळी सरते तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लावलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची चांगली उंच झालेली असते, काकडी तारेला टेकलेली असते आणि दोन गादीवाफ्यांमधून चालताना पाने खांद्याला घासतात. नेमक्या याच दिवसांत मजुरांच्या हाती कात्री देऊन ‘खालचे सगळे साफ करा’ असे सांगितले जाते. दोन दिवसांत पॉलिहाऊस मोकळे आणि नीटनेटके दिसते. पंधरा दिवसांनी शेंडा बारीक पडतो, फुले गळतात, काकडी वाकडी येते, आणि दोष मात्र खताला दिला जातो.

पानकाढणी हवीच, पण ती थोडी-थोडी आणि नेमाने. हिवाळ्यासाठी एक नियम पक्का धरा: आठवड्यात शेंड्याकडे जितकी नवी पाने आली, तितकीच खालून काढायची. त्याहून एकही जास्त नाही. थंडीत नवी पाने सावकाश येतात, म्हणून सप्टेंबरमधला वेग डिसेंबरमध्ये चालत नाही. हिवाळ्यात पिके बसतात त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

पान का काढायचे

‘खालची म्हातारी पाने झाडाचे अन्न खातात’ हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. पूर्ण वाढलेले पान साखर तयार करून बाहेर पाठवते. एकदा ते देणारे झाले की पुन्हा घेणारे होत नाही. दाट सावलीत सापडले तर त्याची कमाई खर्चापुरतीच उरते, मग ते पिवळे पडते, आणि गळण्यापूर्वी आपल्यातला बराचसा नत्र व पालाश वरच्या पानांना देऊन जाते. बाहेरून साखर मागणारे पान असते ते शेंड्याचे, न उलगडलेले कोवळे पान. त्यामुळे खालचे हिरवे, निरोगी पान तोडल्याने वरचे फळ मोठे होईल ही अपेक्षा सोडून द्या.

मग खालचे पान काढायचे ते हवेसाठी आणि रोग-किडीसाठी. जमिनीलगत दाट पाने असली की तिथली ओल रात्री हटत नाही. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर आणि तापमान १५ ते २० अंश, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारीची आपली पहाट. टोमॅटोवरची राखाडी बुरशी आणि काकडीवरचा केवडा हा बुरशीजन्य पानरोग दोन्ही याच हवेत फोफावतात. पांढरी माशी अंडी घालते शेंड्याजवळच्या कोवळ्या पानांवर. पिल्ले एका जागी चिकटून वाढतात, तोवर झाड वर निघून जाते, म्हणून कोष सापडतात ते मधल्या आणि खालच्या पानांच्या मागे. ढोबळी मिरचीची भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी बुरशी, हीसुद्धा जुन्या पानांच्या खालच्या बाजूने सुरू होते, वरून फक्त पिवळे डाग दिसतात. अशी पाने वेळेवर बाहेर गेली तर एखादी फवारणी नक्की वाचते.

आधी प्लास्टिक धुवा

‘खाली उजेड पोहोचत नाही’ म्हणून पाने काढायला निघाला असाल तर आधी मान वर करून छताकडे पाहा. पावसाळ्यानंतर फिल्मवर शेवाळ आणि धूळ यांचा थर बसलेला असतो. मऊ फडका किंवा स्पंज बांधलेल्या बांबूने, सौम्य साबणाच्या पाण्याने छत धुऊन घ्या. खरखरीत ब्रश लावू नका, फिल्मवर ओरखडे पडतात. आतले ५० टक्क्यांचे शेडनेट ओढलेलेच राहिले असेल तर निम्मा उजेड आपणच अडवलेला आहे. नोव्हेंबर ते जानेवारी ते गुंडाळून ठेवा, फक्त काढून टाकू नका, फेब्रुवारीच्या दुपारी ते लागणार आहे.

एका चौरस मीटर जमिनीवर सुमारे ३ चौरस मीटर पान असले की येणाऱ्या उजेडाचा जवळजवळ नव्वद टक्के भाग पिकाच्या कामी येतो. टोमॅटो आणि काकडीत हे गणित जमिनीवरूनच ताडता येते: दुपारी बारा वाजता वाफ्यावर उन्हाचे फक्त तुरळक कवडसे पडले पाहिजेत. वाफा सगळाच उन्हाने भरला असेल तर ते ऊन वाया जात आहे, आणि पाने आधीच कमी आहेत.

नवी पाने मोजायची कशी

अंदाजाने नको. कडेच्या ओळी सोडून, दर १० गुंठ्यांत दहा झाडे निवडा. सोमवारी शेंड्याकडून पहिले सुमारे १० सेंमी लांबीचे पान जिथे आहे, तिथे खोडाला सुतळी सैल बांधा. पुढच्या सोमवारी सुतळीच्या वर १० सेंमीपेक्षा मोठी किती पाने आली ते मोजून सरासरी काढा. टोमॅटोत सुखद हवेत आठवड्याला साधारण तीन पाने येतात, रात्रीचे तापमान १२ अंशांखाली गेले की दोनच्या आसपास. काकडीत उबदार हवेत पाच-सहा, कडाक्याच्या थंडीत तीन-चार. निफाडसारख्या पट्ट्यात जिथे पारा एक आकड्यात उतरतो, तिथे काही आठवडे टोमॅटोचे एकच पान काढायची वेळ येते. त्या आठवड्यात एकच काढा.

टोमॅटो

लागवडीनंतर तीन-चार आठवड्यांनी जमिनीला टेकणारी पाने काढून खोडाचा खालचा २० ते २५ सेंमी भाग मोकळा करा. त्यानंतर पहिल्या घोसातली फळे पूर्ण आकाराची होईपर्यंत निरोगी पानाला हात लावू नका. त्या फळांना साखर पुरवणारी पाने घोसाच्या आसपासचीच असतात.

पहिल्या घोसाची फळे पांढरट हिरवी झाली, म्हणजे रंग धरायच्या बेताला आली, की घोसाखालची पाने काढायला सुरुवात करा. एका वेळी एका झाडाची दोन, फार तर तीन. वर मोजून १५ ते १८ मोठी पाने कायम राहिली पाहिजेत. १० गुंठ्यांत २,५०० झाडे असतील आणि आठवड्याला तीन पाने काढायची असतील तर ती ७,५०० पाने होतात. हे काम मजुरीच्या हिशेबात दर आठवड्याला धरून ठेवा. महिनाभर राहून गेलेले काम एका दिवसात उरकायला गेले की झाडावरून एकदम दहा-बारा पाने उतरतात, आणि सगळ्यात मोठे नुकसान तिथे होते.

नागअळीने पोखरलेले पान मात्र खालचे-वरचे न पाहता काढा. २०१४ मध्ये पुणे परिसरात आढळलेली टूटा ही नागअळी पानाच्या आत राहते, औषध तिच्यापर्यंत कष्टाने पोहोचते. पानाचा एक-तृतीयांशाहून जास्त भाग पोखरलेला असेल तर ते पान गेलेलेच समजा.

काकडी

बियाविरहित काकडीत पहिल्या पाच-सहा पेरांवरची फुले आणि बगलफुटी (पानाच्या बगलेत येणारे फुटवे) काढतात, पण त्या पेरांची पाने ठेवायची असतात. फुलांबरोबर पानेही खुडून टाकण्याची चूक सर्रास होते. मुळे वाढतात ती त्याच पानांवर.

नियम असा: सर्वांत खालच्या न तोडलेल्या फळाच्या वरचे पान काढायचे नाही. त्या फळाच्या खालची, पिवळट किंवा केवड्याचे कोनाकृती डाग पडलेली पाने एका वेळी दोन काढा. झाडावर किमान १५ मोठी पाने राहू द्या. वेल तारेवरून खाली उतरवायचा असेल तर पाने दोन दिवस आधी काढा, त्याच दिवशी नको. ओल्या जखमांचे खोड वाफ्यावर टेकले की तिथून डिंक यायला लागतो आणि वेल मधूनच सुकतो.

ढोबळी मिरचीला हात आवरा

टोमॅटोची सवय मिरचीत चालवू नका. दुफाटा फुटतो त्याच्या खालची, मातीला टेकणारी आणि भुरी आलेली पाने काढा, तेवढेच. दुफाट्याच्या वर काम असते ते छाटणीचे: दर आठ-दहा दिवसांनी दोन मुख्य फांद्या पुढे चालवायच्या आणि बगलेची फूट एक फळ व एक-दोन पाने राखून खुडायची. ती राखलेली पाने त्या फळाची छत्री आहेत. जानेवारीत छत्री काढली की काही बिघडल्यासारखे दिसत नाही, पण फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारचे ऊन तापते आणि उघड्या फळाच्या पश्चिमेकडच्या अंगाला पांढरट, कागदासारखा चट्टा पडतो. रंगीत मिरचीचे फळ झाडावर जास्त आठवडे राहते, म्हणून तिचे नुकसान हिरवीपेक्षा मोठे. मिरची जुन्या पेरावर नवे पान देत नाही, त्यामुळे ही चूक भरून निघत नाही.

गुलाबाचे तंत्र तर अगदी उलट आहे. मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये कमजोर फांदी कापत नाहीत, वाकवतात. तिची पाने झाडाला अन्न पुरवत राहतात.

वेळ, हात आणि हत्यार

दव उडाल्यावर सुरुवात करा आणि दुपारी एकच्या आत थांबा. सकाळी पानात पाणी भरलेले असते, देठ सांध्यावर कट्‍कन तुटतो. दुपारी मलूल झालेले पान ओढले की खोडाची साल पट्टीसारखी सोलली जाते. टोमॅटोचे देठ खोडाजवळ धरून अंगठ्याने वर उचला आणि लगेच खाली दाबा, स्वच्छ निघते. काकडीचे देठ राठ असते, ते धारदार पात्याने खोडालगत कापा. दोन-तीन सेंमीचे ठूठ ठेवू नका: ते कुजते, त्यावर राखाडी बुरशी बसते आणि तीच खोडात उतरते. दिवस मावळायला चार-पाच तास राहतील अशी वेळ धरा, म्हणजे जखम उजेडीच वाळते. बाजूचे पडदे उघडे आणि फॉगर (पाण्याचे धुके सोडणारे नोझल) बंद ठेवा. ढगाळ हवा किंवा अवकाळीचा अंदाज असेल तर काम दोन दिवस पुढे ढकला. जखमेवर लगेच फवारणी करण्याची गरज नाही, ती कोरडी राहणे जास्त महत्त्वाचे.

टोमॅटो आणि मिरचीतला मोझॅक विषाणू हातातून पसरतो, आणि तंबाखूचा मोझॅक विषाणू सुकवलेल्या तंबाखूतही टिकून राहतो. म्हणून तंबाखू मळलेले किंवा मशेरी लावलेले हात साबणाने धुतल्याशिवाय पिकाला लागू देऊ नका. हे मजुरांना कारणासकट, मान राखून सांगा आणि नळाजवळ साबण ठेवा. एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळून मग्यात ठेवा, प्रत्येक ओळीनंतर हात त्यात बुडवा. दुधातली प्रथिने विषाणूला निकामी करतात. कात्री किंवा पाते १० टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणात मिनिटभर बुडवा. दोन पाती असली की काम थांबत नाही. हे द्रावण हाताला झोंबते, हातमोजे वापरा. स्पिरिटने जिवाणू मरतात, मोझॅक विषाणूसाठी ते पुरत नाही. मोझॅकची शंका असलेल्या झाडांची पानकाढणी सगळ्यात शेवटी करा.

काढलेली पाने वाटेत टाकू नका. तुटलेल्या पानावरच्या कोषातूनही पांढरी माशी बाहेर पडते. प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून, बाहेर उन्हात आठवडाभर ठेवा, मग खड्ड्यात पुरा.

पाणी लगेच कमी करा

पान कमी झाले की बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांतून वाफ होऊन उडणारे पाणी, कमी होते, पण ठिबकचा टायमर जुन्याच मिनिटांवर चालू राहतो. मुळे रात्रभर पाणी वर ढकलतात, पिकत आलेले टोमॅटो तडकतात, काकडीच्या पानांच्या कडेला सकाळी थेंब लटकलेले दिसतात. पानकाढणीच्या दिवशी दुपारी तीननंतर पाणी देऊ नका आणि पुढचे दोन दिवस बोटभर खोल माती चाचपून पाळ्या कमी करा.

जास्त काढली गेली असतील तर

टोमॅटोत शेंड्याखाली १५ सेंमीवर खोड १० मिमीपेक्षा बारीक झाले आहे, फूल अगदी शेंड्याला चिकटून उमलते आहे. काकडीत बोटाएवढी फळे पिवळी पडून सुकत आहेत: ही पाने कमी पडल्याची खूण आहे. नत्र वाढवून उपयोग नाही, साखर बनवणारी जागाच उरलेली नाही. दोन आठवडे पानकाढणी पूर्ण बंद ठेवा. टोमॅटोच्या वरच्या घोसांत चारच फळे राखा, काकडीत एकाआड एक कोवळे फळ खुडा. वरच्या पेरांवरच्या तीन-चार बगलफुटी न काढता दोन पाने आल्यावर त्यांचा शेंडा मोडा. पान भरून काढायचा सर्वांत जलद मार्ग हाच आहे. सुतळी बांधलेल्या दहा झाडांवर पुन्हा १५ पाने मोजली जाईपर्यंत कात्री कपाटात राहू द्या.